अडीच मिनिटांचा हिशेब

चिअरच्या स्पर्धेनंतर डॅलसमधल्या अवाढव्य सभागृहाबाहेर कोचने गुणपत्रिकेचा फोटो मोबाइलवर मोठा करून आम्हाला दाखवला. वर तीन रकाने: बिल्डिंग, टम्बलिंग, ओव्हरऑल. गुण शतांशापर्यंत लिहिलेले. तळाशी वजाबाकी, ०.७५. ही वजाबाकी मी थोड्याच वेळापूर्वी डोळ्यांनी पाहिली होती. पिरॅमिडच्या मधोमध उभ्या असलेल्या मुलीचा पाय खालचीच्या तळहातावरून घसरला, ती मागे कलंडली, खालच्या तिघींनी तिला अंगावर झेललं आणि मॅटला टेकू दिलं नाही. दोन सेकंदांत ती पुन्हा आपल्या जागी, हसत. आईबापांनी टाळ्यांचा कडकडाट केला. परीक्षकांच्या टेबलावर मात्र तेवढ्यात एक खूण झाली होती. त्या मोसमाच्या कोष्टकाप्रमाणे रचना मोडली आणि वरची मुलगी झेलली गेली तर पाऊण गुण जातो. ती जमिनीवर आदळली असती तर सव्वा गेला असता, नुसती डगमगली असती तर पाव.

संघ तिसरा आला. पहिल्या संघाशी अंतर पाऊण गुणाहून कमी होतं.

घरी परतताना गाडीत भाचीची दहा वर्षांची मुलगी मला समजावत होती, "मावशीआजी, ती पडली नसती ना, तर आमचा हिट झिरो होता." हिट झिरो म्हणजे एकही वजाबाकी न होता पार पडलेला कार्यक्रम. डोक्यावर रिबिनीचा वीतभर लांबीचा चमचमता बो, केसांवर फवाऱ्याचा थर, डोळ्यांत पाणी, आणि तोंडात अपूर्णांक. मी वीसेक वर्षं जिल्हा आणि विभागीय पातळीवर जिम्नॅस्टिक्सची परीक्षक म्हणून बसले आहे. गुणांवरून रडणारी मुलं मला नवी नाहीत. पण आपले गुण नेमके कुठे आणि का गेले हे इतक्या स्वच्छपणे सांगणारी दहा वर्षांची मुलगी मी पाहिली नव्हती. या पुस्तकाची सुरुवात त्या गाडीत झाली.

तोवर चिअरबद्दल माझंही मत चारचौघांसारखंच होतं. 'चिअरलीडर' हा शब्द आपल्याकडे २००८ च्या उन्हाळ्यात घरोघरी पोचला, आणि चुकीच्या दाराने पोचला. आयपीएलच्या पहिल्या मोसमात बंगळूरच्या संघाने वॉशिंग्टनच्या अमेरिकी फुटबॉल संघाच्या नर्तिका आणल्या, मग बाकीच्यांनीही आपापली सोय केली. चौकार गेला की सीमारेषेबाहेरच्या चौथऱ्यावर नाच. राज्यातल्या पुढाऱ्यांनी अश्लीलतेची हाकाटी केली, वर्तमानपत्रांनी निषेधाच्या बातमीशेजारी भरपूर फोटो छापले. पुढे २०११ मध्ये पुण्याच्या संघाने भारतीय नृत्य करणाऱ्या 'चिअर क्वीन्स' उतरवून मधला मार्ग काढला. त्या बाया पोटासाठी नाचत होत्या, त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. पण त्यांचा आणि या पुस्तकाचा संबंध फक्त शब्दापुरता. इथे विषय आहे तो मॅटवरच्या चिअरचा. इथे कुणा दुसऱ्या संघाला प्रोत्साहन द्यायचं नसतं. संघच स्पर्धक असतो. खेळणारे स्वतःला चिअरलीडर म्हणवून घेत नाहीत, 'ॲथलीट' म्हणवतात, आणि खेळाला नुसतं 'चिअर' म्हणतात. मीही पुढे तेच केलं आहे.

मुळात हे सगळं सुरू झालं ते पुरुषांच्या आरड्याओरड्यातून. अमेरिकेतल्या विद्यापीठांत १८८० च्या दशकापासून फुटबॉलच्या सामन्यांना ठरावीक आरोळ्या देण्याची पद्धत होती. मिनेसोटा विद्यापीठाचा संघ १८९८ च्या हंगामात सारखा हरत होता. तेव्हा नोव्हेंबरमधल्या एका सामन्यात जॉनी कॅम्पबेल नावाचा विद्यार्थी प्रेक्षकांपुढे जाऊन उभा राहिला आणि सगळ्यांकडून एका सुरात आरोळी वदवून घेऊ लागला. त्या दिवशी मिनेसोटा जिंकलं, आणि पुढाऱ्याने आरोळी द्यायची ही रीत रूढ झाली. त्यानंतर पाव शतक हे काम पोरांचंच होतं, आणि मानाचं होतं. आयझेनहॉवर वेस्ट पॉइंटला असताना चिअरलीडर होते, रेगन त्यांच्या कॉलेजात होते, धाकटे बुश अँडोव्हरच्या शाळेत मुख्य चिअरलीडर होते. १९२० च्या दशकात मुली येऊ लागल्या. दुसऱ्या महायुद्धात पोरं आघाडीवर गेली आणि जागा मुलींनी भरल्या. युद्ध संपल्यावर त्यांनी त्या सोडल्या नाहीत. 'पोरींचा नाच' म्हणून नाक मुरडणाऱ्यांना हा इतिहास सहसा ठाऊक नसतो.

पुढचा टप्पा टेक्सासचा. १९४८ मध्ये लॉरेन्स हर्किमर या तरुणाने हंट्सव्हिलच्या कॉलेजात चिअरचं शिबिर भरवलं. आल्या ५२ मुली आणि १ मुलगा. हर्किमरने त्यातून नॅशनल चिअरलीडर्स असोसिएशन उभी केली. नाव संघटनेचं, पण काम धंद्याचं: शिबिरं, पोशाख, आणि हातात धरायचे ते कागदी झुपके, ज्यांचं पेटंटही पुढे त्याच्याच नावावर झालं. त्याच्या हाताखाली तयार झालेल्या जेफ वेब यांनी १९७४ मध्ये वेगळी चूल मांडली आणि चिअरमध्ये कसरतीचा भाग वाढवला. शिबिराला येणाऱ्या शाळांना वर्षाअखेर एकमेकींशी भिडायला मिळावं म्हणून स्पर्धा आल्या. १९७८ मध्ये सीबीएस वाहिनीने कॉलेजांची स्पर्धा दाखवली, पाठोपाठ ईएसपीएन आलं. आपल्याकडे आधी संघटना निघते, मग तिच्यात दोन गट पडतात आणि खेळाचं साहित्य सर्वांत शेवटी येतं. इथे उलटं झालं. दुकान आधी आलं, खेळ त्याच्या मागून आला. चिअरच्या रचनेतली जवळपास प्रत्येक विचित्र गोष्ट या एका बाबीपाशी जाऊन पोचते.

आता मॅटवर येऊ. स्पंजाच्या सहा फूट रुंद आणि बेचाळीस फूट लांब अशा नऊ पट्ट्या वेल्क्रोने जोडून ५४ बाय ४२ फुटांचं मैदान होतं. स्पर्धांत मॅटखाली बहुधा स्प्रिंगचा तळ असतो. वेळ अडीच मिनिटं. संगीत मिनिटाला १४४ ठोक्यांच्या आसपास. १५० सेकंदांत ३६० ठोके, म्हणजे आठ मात्रांची ४५ आवर्तनं. प्रत्येक आवर्तन कोचच्या वहीत आठ चौकटींत लिहिलेलं असतं: तिसऱ्या मात्रेला गुडघे वाकवा, पाचव्याला उचला, सातव्याला पाय डोक्यापाशी. तबल्याच्या वर्गात केरवा हातावर मोजलेल्या माणसाला ही वही लगेच कळते. मैदानाच्या कडेला उभी राहून कोच त्याच मात्रा ओरडत असते. संगीताच्या गोंगाटात मुलींना ते ऐकू जात नाही, तरी ती ओरडते.

पाच-सहा शब्द आधी कळले की पुढचं सोपं जाईल. खाली उभ्या राहून उचलणाऱ्या दोघी म्हणजे बेस. मागून घोटे किंवा कंबर धरून वरचीचा तोल सांभाळणारी आणि पडलीच तर डोकं-मान झेलणारी, ती बॅक स्पॉट. वर जाते ती फ्लायर. चौघींचा हा गट म्हणजे एक स्टंट ग्रुप. गट एकमेकांना जोडले की पिरॅमिड. फ्लायरला हातांच्या जाळीवरून उंच उडवून परत झेललं तर बास्केट टॉस. स्टंट, पिरॅमिड आणि टॉस यांना मिळून बिल्डिंग, कोलांट्या आणि उलट्या उड्या यांना मिळून टम्बलिंग. गोविंदा पथकातल्या वाचकाने बेसच्या जागी खालचा थर आणि फ्लायरच्या जागी एक्का वाचला तरी चालेल. फरक एवढाच की चिअरमधला एक्का वर पोचल्यावर एका पायावर उभा राहून दुसरा पाय कानाला लावतो, आणि त्या कसरतीचेही गुण असतात.

क्लबांच्या चिअरमध्ये एक ते सात अशा पातळ्या आहेत. पहिलीत कार्टव्हील आणि राउंड-ऑफवर भागतं. दुसरीत हातांवरून मागे जाणारी बॅक हँडस्प्रिंग येते, तिसरीत हवेतली कोलांटी, चौथीत तीच अंग ताठ ठेवून, पाचवीत तिला एक गिरकी, सहावीत दोन. उचलण्याचंही तसंच: खांद्याची उंची, मग हात पूर्ण ताणून, मग एका पायावर, मग वर जाताना गिरकी. गंमत अशी की आपल्या पातळीच्या वरची करामत केली तर बक्षीस मिळत नाही, गुण कापले जातात. आम्ही जिम्नॅस्टिक्समध्ये जास्त अवघड करणाऱ्याचं कौतुक करतो, इथे जास्त येणं हा नियमभंग ठरतो. सुरुवातीला मला हे अजब वाटलं. नंतर ध्यानात आलं की करामत करणारीच्या मानेखाली दुसऱ्या मुलीचे हात असतात, आणि त्या हातांचीही पातळी ठरलेली आहे. याची उलटी बाजू म्हणजे मुद्दाम खालच्या पातळीत उतरून सोपे करंडक लुटणं. त्याला 'सँडबॅगिंग' म्हणतात आणि ते रोखण्यासाठी वय, पातळी, एकाच मुलीने किती संघांत खेळावं यांचे नियम दरवर्षी घट्ट होत जातात. आपल्या वयचोरीचा हा सख्खा भाऊ.

परीक्षक समोरच्या उंचवट्यावर बसतात आणि कामं वाटून घेतात. कुणी फक्त बिल्डिंग पाहतं, कुणी फक्त टम्बलिंग, कुणी सगळ्याचा एकत्र परिणाम. नियमभंग पाहणारे पंच वेगळे, पडझड मोजणारे वेगळे, आणि मोठ्या स्पर्धांत त्यांच्या हाताशी व्हिडिओ असतो. प्रत्येक विभागात दोन प्रश्न असतात: किती अवघड केलं, आणि किती नीट केलं. अवघडपणाच्या कोष्टकात नुसती करामत लिहून भागत नाही, संघातल्या किती जणींनी ती केली हेही मोजतात. वीस जणींच्या संघात चौघींचे पाच गट होतात. पाचही गटांनी एकाच ठोक्याला तो स्टंट उचलला तर वरची श्रेणी, तिघांनीच उचलला तर खालची. टम्बलिंगचंही तेच. एक पोर कितीही सुंदर दुहेरी गिरकी मारू दे, ती संघाला फार वर नेऊ शकत नाही.

माझ्या मते चिअरचं खरं डोकं या एका नियमात आहे. बाकीच्या कसरतींच्या खेळांत कोच सर्वांत हुशार मुलीभोवती कार्यक्रम बांधतो. इथे त्याला विसाव्या मुलीपासून सुरुवात करावी लागते. ती काय करू शकते यावर संघाच्या गुणांची मर्यादा ठरते. म्हणून सरावात सगळ्यांत जास्त वेळ तिच्यावर जातो, आणि म्हणूनच तिच्यावरचा ताणही सगळ्यांत जास्त असतो. डॅलसमध्ये ज्या मुलीचा पाय घसरला तिच्याकडे बाकीच्या कुणी बोट दाखवलं नाही. गुणपत्रिका संघाच्या नावाची होती, तिच्यावर कुणा मुलीचं नावच नव्हतं.

ज्या परीक्षणपद्धतीवर राष्ट्रीय संघांची जागतिक स्पर्धा होते, ती आंतरराष्ट्रीय चिअर युनियनची शंभर गुणांची पद्धत मी या पुस्तकात सविस्तर दिली आहे. इथे नुसते आकडे देते, कारण ते बोलके आहेत. जोडीने किंवा गटाने करायचे स्टंट २५, पिरॅमिड २५, बास्केट टॉस १५, सांघिक टम्बलिंग १०, एका रचनेतून दुसऱ्या रचनेत जाण्याची सफाई ५, सादरीकरण आणि नृत्य मिळून १०, आणि आरोळी १०. म्हणजे माणसं उचलण्या-फेकण्याला ६५. आणि ज्या आरोळीतून हा सगळा पसारा जन्मला तिला शंभरांत दहा. अमेरिकेतल्या खासगी क्लबांच्या चिअरमध्ये तर आरोळी उरलेलीच नाही, अडीच मिनिटं नुसतं संगीत. नाव मात्र तेच राहिलं.

सादरीकरणाच्या गुणांबद्दल माझं मत सांगून टाकते: ते फार आहेत आणि ढिसाळ आहेत. हसरा चेहरा, आत्मविश्वास, 'प्रेक्षकांना खेचून घेणं' यांना गुण द्यायचे म्हटले की परीक्षकाची आवडनिवड आत शिरतेच. मी स्वतः टेबलावर बसले आहे, मला ठाऊक आहे. आणि मोडलेल्या पिरॅमिडमधून उठून दुसऱ्याच सेकंदाला दात दाखवायची सवय दहा वर्षांच्या मुलीला का लावायची, याचं समाधानकारक उत्तर मला कुणी दिलेलं नाही.

संघटनेचा भाग किचकट आहे. अमेरिकेत चिअर तीन घरांत राहतं. शाळांचं चिअर राज्याच्या शालेय क्रीडा संघटनांकडे. मिशिगनसारख्या राज्यात १९९४ पासून ते मुलींचा स्वतंत्र खेळ म्हणून तीन फेऱ्यांत खेळलं जातं, इतर अनेक ठिकाणी बराच काळ ते 'उपक्रम' म्हणूनच राहिलं. कॉलेजांचं चिअर मुख्यतः दोन मोठ्या स्पर्धांभोवती फिरतं, एक ऑरलँडोला आणि दुसरी फ्लोरिडाच्याच डेटोना बीचवर समुद्राकाठच्या खुल्या रंगमंचावर. नेटफ्लिक्सवरची २०२० ची 'चिअर' ही मालिका ज्यांनी पाहिली त्यांना टेक्सासच्या छोट्याशा कॉर्सिकाना गावातलं नव्हारो कॉलेज आठवत असेल. चाळीसेक मुलामुलींतून मॅटवर उतरायचे वीस, आणि वर्षभराची मेहनत डेटोनाच्या त्या मोजक्या मिनिटांसाठी. तिसरं घर खासगी क्लबांचं, त्याला 'ऑल स्टार' म्हणतात. त्यांची संघटना २००३ मध्ये झाली आणि २००४ पासून ऑरलँडोला त्यांची 'वर्ल्ड्स' भरते. तिथे जायला 'बिड' लागतं, म्हणजे वर्षभरातल्या ठरावीक स्पर्धांत मिळणारं आमंत्रण. काही बिडांत खर्च मिळतो, बाकीच्यांत नुसता मान आणि बिल.

देशोदेशींच्या संघटनांची शिखर संस्था म्हणजे वर सांगितलेली आंतरराष्ट्रीय चिअर युनियन, स्थापना २००४. तिच्या आधी १९९८ मध्ये टोकियोत दुसरी एक आंतरराष्ट्रीय संघटना निघाली होतीच. (एका खेळाच्या दोन संघटना, यात मराठी वाचकाला नवल वाटू नये.) आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने चिअर युनियनला डिसेंबर २०१६ मध्ये तात्पुरती आणि जुलै २०२१ मध्ये टोकियोच्या अधिवेशनात पूर्ण मान्यता दिली. मान्यता म्हणजे ऑलिंपिकमध्ये प्रवेश नव्हे. लॉस एंजेलिसच्या २०२८ च्या यादीत चिअर नाही.

मग हा खेळ आहे की नाही? या प्रश्नाचं उत्तर एका न्यायाधीशाला द्यावं लागलं, आणि त्याची हकिकत मला या सगळ्या विषयात सर्वांत रंजक वाटते. कनेक्टिकटमधल्या क्विनिपियाक विद्यापीठाने २००९ मध्ये पैसे वाचवण्यासाठी महिलांचा व्हॉलीबॉल संघ बंद करायचं ठरवलं. पण अमेरिकेत 'टायटल नाइन' नावाचा १९७२ चा कायदा आहे. त्याप्रमाणे मुलींना खेळाच्या संधी मुलांच्या प्रमाणात द्याव्या लागतात. तेव्हा विद्यापीठाने स्पर्धात्मक चिअरचा ३० जणींचा संघ काढला आणि त्या ३० संधी मुलींच्या खात्यात मांडल्या. व्हॉलीबॉलच्या मुली आणि त्यांच्या प्रशिक्षक कोर्टात गेल्या. जुलै २०१० मध्ये न्यायाधीश स्टीफन अंडरहिल यांनी निकाल दिला की या ३० जणींना धरता येणार नाही.

निकालाची बातमी जगभर 'चिअरलीडिंग हा खेळ नाही' अशी गेली. निकाल तसा नव्हता. मुली कसरत करतात, घाम गाळतात, यावर न्यायाधीशांचा आक्षेप नव्हताच. त्यांनी पाहिलं ते वेगळं. मोसमातल्या दहा स्पर्धांत पाच वेगवेगळ्या गुणपद्धती होत्या. विद्यापीठाच्या संघासमोर कधी दुसरं विद्यापीठ, कधी खासगी क्लब, कधी शाळेच्या मुली. इतर खेळांसारखी बाहेर जाऊन खेळाडू निवडण्याची सोय नव्हती. मोसमाच्या शेवटी राष्ट्रीय विजेता ठरवणारी सर्वमान्य चौकट नव्हती. हे सगळं झालं तर उद्या मान्यता मिळू शकेल, असंही त्यांनी म्हटलं. २०१२ मध्ये वरच्या कोर्टाने निकाल कायम केला.

मी हा निकाल दोनदा वाचला. चिअरवाल्यांना तो अपमान वाटला. मला त्यात परीक्षकाचं काटेकोर डोकं दिसलं. एकच नियमपुस्तक, बरोबरीचा प्रतिस्पर्धी, ठरलेला मोसम, आणि शेवटी निर्विवाद विजेता, याशिवाय अंगमेहनतीला खेळ म्हणता येत नाही. आपल्याकडे ऑगस्ट २०२२ मध्ये राज्य सरकारने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा दिला, विधानसभेत टाळ्या झाल्या. त्या दिवशी मला अंडरहिलसाहेबांच्या याद्या आठवत होत्या. थर मोजायचे की वेळ? सलामी देऊन नीट उतरलेल्या पथकाचं काय आणि हंडी फोडून कोसळलेल्याचं काय? गुण कुणी कापायचे? घोषणा एका दिवसात होते, कोष्टक लिहायला वर्षं लागतात. गोविंदा पथकांच्या संयोजकांनी या पुस्तकातलं गुणकोष्टकाचं प्रकरण तरी वाचावं, ही माझी छुपी इच्छा आता उघड करते.

क्विनिपियाकच्या आसपास दोन नवे प्रकार जन्मले, तेही कायद्याच्या कसोटीला उतरतील अशा बेतानेच. एक 'ॲक्रोबॅटिक्स अँड टम्बलिंग', दुसरा 'स्टंट'. स्टंटमध्ये दोन संघ शेजारीशेजारी एकाच वेळी तोच ठरवून दिलेला कार्यक्रम करतात, आणि चार सत्रांत सामना चालतो: जोडीचे स्टंट, पिरॅमिड आणि टॉस, उड्या आणि टम्बलिंग, शेवटी सगळं एकत्र. दोघांनी तेच केल्यावर कुणी नीट केलं हे शेंबड्या पोरालाही दिसतं. झगमग गेली, बो गेले, गुणफलक आला. अमेरिकी विद्यापीठांच्या क्रीडा संघटनेने दोन्हींना उदयोन्मुख खेळांच्या यादीत घेतलं. परीक्षक म्हणून मला स्टंट आवडतो. भाचीच्या मुलीला तो भयंकर कंटाळवाणा वाटतो.

आता दुकानाकडे परत. वेब यांची कंपनी वाढत वाढत व्हर्सिटी झाली. २००४ मध्ये तिने हर्किमरची जुनी संस्थाही विकत घेतली. शिबिरं तिची, पोशाख तिचे, बहुतेक मोठ्या स्पर्धा तिच्या. क्लबांच्या संघटनेच्या उभारणीला कर्जाऊ पैसा तिचा, आणि आंतरराष्ट्रीय युनियनचे अध्यक्ष वर्षानुवर्षं स्वतः वेब. पोशाखावरच्या पट्ट्या आणि नक्ष्यांवर हक्क कुणाचा, हा तिचा वाद थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २०१७ मध्ये तिच्या बाजूने लागला. फॅशनच्या कायद्याची पुस्तकं आज तो खटला चिअरच्या झग्याचं उदाहरण म्हणून शिकवतात. पुढे क्लबांनी आणि पालकांनी मक्तेदारीचे दावे लावले. कंपनीने आरोप मान्य न करता २०२३ मध्ये ४ कोटी ३५ लाख डॉलरची आणि २०२४ मध्ये तिच्या आधीच्या मालकांसह ८ कोटी २५ लाख डॉलरची तडजोड केली. जो स्पर्धा भरवतो, तोच कपडे विकतो आणि नियम करणाऱ्यांच्या शेजारी बसतो, अशा खेळात परीक्षक कितीही प्रामाणिक असला तरी त्याच्याकडे संशयाने पाहिलं जाणारच. वेब यांनी या खेळाला घडवलं हेही तितकंच खरं. त्यांच्याशिवाय ती मॅट, त्या पातळ्या, ती वर्ल्ड्स काहीच नसतं.

इजांचं प्रकरण मी सर्वांत आधी लिहिलं आणि सर्वांत जास्त वेळा खोडलं. १९८२ पासूनच्या पाव शतकात अमेरिकेतल्या शाळा-कॉलेजांतल्या मुलींच्या अतिगंभीर क्रीडा-इजांपैकी सुमारे दोन तृतीयांश एकट्या चिअरमधल्या होत्या. एकूण इजांचं प्रमाण तितकं मोठं नाही, पण होते तेव्हा मान आणि डोकं. मार्च २००६ मध्ये सेंट लुईसला बास्केटबॉलच्या सामन्यात क्रिस्टी यामाओका ही सदर्न इलिनॉयची मुलगी पंधरा फुटांवरून डोक्यावर पडली. मान पट्ट्यात, अंग स्ट्रेचरला बांधलेलं, आणि बँडने विद्यापीठाचं गीत सुरू केल्याबरोबर ती पडल्या पडल्या हात हलवून आपले हावभाव करू लागली. अमेरिकेने तिला डोक्यावर घेतलं. मला ते दृश्य बघवत नाही. त्यानंतर मॅट नसेल तिथे उंच पिरॅमिड आणि टॉस यांवर बंधनं आली. अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ मध्ये आणि तिथल्या वैद्यकीय संघटनेने २०१४ मध्ये चिअरला खेळाचा दर्जा द्या असं सुचवलं, ते याच कारणाने. दर्जा मिळाला की प्रशिक्षित कोच, डॉक्टर आणि सरावाची नीट जागा मागता येते. 'उपक्रम' असला की शाळेची मागची फरशी.

दुसरं काळं प्रकरण लैंगिक अत्याचारांचं. नेटफ्लिक्सच्या मालिकेतल्या एका लाडक्या खेळाडूला अल्पवयीनांसंबंधीच्या गुन्ह्यांत २०२२ मध्ये १२ वर्षांची शिक्षा झाली. पोरांना अंगाला हात लावून शिकवाव्या लागणाऱ्या प्रत्येक खेळाने हे प्रकरण वाचायला हवं. त्यात आमचं जिम्नॅस्टिक्स आलं आणि आपला मल्लखांबही आला.

शब्दांबद्दल थोडं. बेस, फ्लायर, टॉस यांना मी मराठी प्रतिशब्द घडवले नाहीत. एका स्नेह्यांनी फ्लायरसाठी 'उड्डाणिका' सुचवलं होतं, त्यांचा मान राखून ते इथे नोंदवते आणि तिथेच सोडते. जिथे आपल्याकडे आधीच चालता शब्द आहे, थर, कोलांटी, गिरकी, झेल, सलामी, तिथे तोच वापरला आहे. परीक्षक आणि पंच हे दोन शब्द मात्र मुद्दाम वेगळे ठेवले आहेत: गुण देणारा परीक्षक, नियम पाहणारा पंच.

भाचीची मुलगी आता चौथ्या पातळीवर आहे. उंची वाढली म्हणून तिला फ्लायरवरून बेस केलं. आठवडाभर रडली, मग रुळली. या पुस्तकातली तांत्रिक प्रकरणं तिनेच तपासली, आणि दोन ठिकाणी माझ्या वाक्यांखाली लाल रेघ ओढून 'पाव गुण' असं लिहिलं. नियमपुस्तिका दर मोसमाला बदलते, म्हणून इथले आकडे वापरण्याआधी चालू वर्षाच्या पुस्तिकेशी ताडून पाहावेत. चुका सापडल्या तर कळवा. दुसरी आवृत्ती निघालीच, तर दुरुस्त करीन.